नाव तेच ठेवायचं

राग्नवाल्ड लॅपटॉप काखेत मारून आला
तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते
आणि ओट्यावर ऊन पडलं होतं.
बॉट्सफ्योर्दमध्ये जूनभर ते असंच,
चिवट पाहुण्यासारखं. उठायचं नाव नाही.

"योरुन, वाजत नाही," तो म्हणाला.
बूट दाराशी काढले.
कॉडचा वास मात्र आत आला.

त्याच्या ट्रकमधल्या जीपीएसला आवाज एकच: टिंग.
कॅमेऱ्याला टिंग, बोगद्याला टिंग,
रस्त्यात उभ्या रेनडिअरलाही टिंग.
सत्तावीस वर्षं मासळी वाहिलेल्या कानाला
टिंग म्हणजे फ्रिजची घरघर,
ऐकू येते, पोचत नाही.
मार्चमध्ये एक गाभण मादी पुढे आली.
त्याबद्दल तो बोलला नाही.
बंपर नवा होता, एवढं मी पाहिलं होतं.

म्हणून त्याने फोनवर आवाज गोळा केले होते.
कॅमेऱ्याला सासऱ्याचा खोकला,
बोगद्याला बोटीचा भोंगा.
रेनडिअरला काय, ते सांगेना.

मी पोस्टात एकतीस वर्षं काढली आहेत.
पाकिटावर नाव एकाचं, आत जीव भलत्याचाच,
हे मला नवं नाही.
यंत्रही पोस्टमनच. पत्ता वाचतं, पत्र नाही.
त्याला "रेनडिअर_१" हवं म्हणजे हवंच,
मग त्यात कोल्हा कोंब नाहीतर चर्चची घंटा,
त्याला देणंघेणं नाही.

फोल्डर उघडलं. सात फाईली.
सातही नावं बरोबर दिसत होती, आणि तिथेच गोम होती.
कम्प्युटर शेपूट लपवून ठेवतो.
दिसत नाही म्हणून राग्नवाल्डने आपल्या हाताने दुसरं जोडलं होतं:
डॉट वेव्ह, डॉट वेव्ह.
दोन शेपटांचं जनावर
यंत्राने ओळखच दिली नाही.

एकेक शेपूट छाटलं.
म्हटलं, टिंग पुसू नकोस, "जुना" नाव देऊन बाजूला ठेव,
माणूस कधी काय परत मागेल, नेम नसतो.

मग वाजवून पाहिलं. रेनडिअर_१.
काहीच नाही.
आवाज वाढवला. पुन्हा.

अर्ध्या सेकंदाचा श्वास, आत ओढलेला,
आणि त्या श्वासावरच ठेवलेलं एक "या".
आमच्याकडच्या बायका हो म्हणतात तसं,
हवेतला कणही बाहेर न सांडता.

आल्फहिल्ड. त्याची आई.
माझ्या खिडकीशी पेन्शन घ्यायची,
शेवटची नोट मोजून झाली की हेच "या",
जणू पैसे नाही, वाईट बातमी पोचली.

"हल्ली वाड्सोला असते, वृद्धाश्रमात," तो म्हणाला.
"मला ओड्डवार म्हणते."
ओड्डवार थोरला.
त्याची बोट सापडली होती, फक्त बोट.
"मग तू?"
"मी काय. ओ देतो."
आणि केबल गुंडाळायला लागला,
मध्ये गाठ बसली होती तरी तशीच.

ऑक्टोबरात त्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला.
ट्रक गेला व्हितेनिसकडे, लिथुआनियाचा पोरगा,
काचेला चिकटवलेल्या जीपीएससकट.

पहिल्या बर्फात तो माझ्या दाराशी उभा.
टोपी हातात, शब्द जपून:
"गेडन्येच्या फाट्याआधी
गाडीत एक बाई दचकते.
मी ब्रेक दाबतो. दर वेळी.
कधीकधी समोर खरंच जनावर असतं."

"बदलून देऊ? जुनी टिंग ठेवलेली आहे."

तो विचार करत राहिला.
बर्फ त्याच्या बुटांवरून
माझ्या पायपुसण्यावर उतरलं.

"नको," म्हणाला. "पण नाव काय तिचं?"

मी चष्मा लावला, पडद्याजवळ वाकले
आणि जे लिहिलं होतं
ते वाचून दाखवलं.